पासपोर्ट आधी कपाटातून काढा

प्रश्न : मुलगी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला पोलंडला जाऊन युक्रेनच्या निर्वासितांमधल्या, औषधांना दाद न देणाऱ्या एचआयव्हीवर पीएच.डी. करायची आहे. गोळ्या नीट न घेणाऱ्या बेफिकीर लोकांसाठी तिनं का खपावं? आम्ही स्थळं बघतोय, असल्या रोगाचं नाव काढलं की लोक मागे सरतात. तूर्त तिचा पासपोर्ट मी कपाटात ठेवलाय. बी.एड.साठी तिला कसं समजावू? – एक पालक, कराड

उत्तर : बी.एड.चं नंतर पाहू. पासपोर्टचं वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवलं होतं. मुलगी सज्ञान आहे, पासपोर्ट तिचा आहे. तो काढून घेतल्यावर ती जे 'हो' म्हणेल, त्याला समजावणं म्हणत नाहीत. आणि स्थळाचं म्हणाल तर, बायको कोणत्या विषाणूचा अभ्यास करते यावरून जे घर मागे सरतं, तिथं मुलगी न गेलेलीच बरी. तुम्हाला खरी भीती लागणीची असेल तर तसं तिला सरळ विचारा. या कामात बहुतेक वेळा रक्तातून वेगळा काढलेला आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय मजकूर, हाताळायचा असतो आणि पुढे तासन्‌तास कॉम्प्युटरवर जनुकक्रम वाचायचा. दवाखान्यात लागण झालेल्याच्या रक्ताची सुई टोचली, तरी उपचाराविना धोका हजारात सुमारे ३ असतो. तोही ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू करून खूप कमी करता येतो.

आता तुमचं 'बेफिकीर'. दाद देत नाही तो विषाणू, माणूस नव्हे. एचआयव्ही स्वतःच्या नकला करताना सतत चुका करतो. त्यातली एखादी चूक औषधाला चकवते आणि तोच विषाणू पुढच्या माणसाकडे जातो. म्हणून ज्यानं आयुष्यात एकही गोळी घेतलेली नाही, अशा नव्यानं निदान झालेल्यातही तो सापडतो. निर्वासितांचं तर आणखी वेगळं. २०२२च्या फेब्रुवारीत घर सोडून पळताना गोळ्यांची बाटली संपली, तर दोष कुणाचा? एचआयव्हीवर औषधं एकत्र देतात, त्यातलं एफाव्हिरेन्झसारखं औषध सोबतच्या औषधांपेक्षा रक्तात जास्त रेंगाळतं. गोळ्या एकदम थांबल्या की काही दिवस ते एकटंच उरतं, आणि विषाणूला नेमकं तेच हवं असतं : एकट्या औषधाला चकवणं सोपं. एफाव्हिरेन्झच्या गटातल्या औषधांना दाद न देणारा विषाणू उपचाराआधीच अंगात असलेल्यांचं प्रमाण १० टक्क्यांवर गेलं तर पहिल्या फळीचं औषध बदला, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सांगितलं. आज आपल्या सरकारी एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रांवरही डोल्युटेग्राविर हे वेगळ्या गटातलं औषध मिळतं, ते असल्याच मोजणीच्या जोरावर.

पोलंडच का, याचं उत्तरही मुलीकडे असणार. युक्रेनमध्ये या विषाणूचा ए-६ हा उपप्रकार सर्रास आढळतो. एचआयव्हीवर दर दोन महिन्यांनी घ्यायची नवी इंजेक्शनं फसण्याचा धोका, या उपप्रकाराला इतर काही कारणांची जोड मिळाली की वाढतो. हे निर्वासित पोलंडमध्ये आहेत, म्हणजे तिथं जनुकक्रम वाचणारी माणसं लागणारच.



शंका मला तिच्याबद्दलही आहे. जनुकक्रम तिनं स्वतः कधी वाचलाय का? नसेल तर आधी पुण्यात भोसरीला, 'नारी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयसीएमआरच्या एड्स संशोधन संस्थेत प्रकल्पासाठी विचारावं. सहा महिने असं काम करून कंटाळा आला, तर पोलंड आपोआप रद्द होईल आणि तो निर्णय तिचा असेल.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. अर्जाची शेवटची तारीख त्यात असू दे.