वाचकांचे प्रश्न : समुद्रावर जाताना निळा दोरा घरी ठेवा

प्रश्न : ताई, मी कोपरखैरण्याला राहते, भरतकाम आणि छोट्या गोधड्या करते. डिसेंबरमध्ये आम्ही सगळे दिवेआगरला जातोय. किनाऱ्यावर गेलं की दरवेळी वाटतं यातून काहीतरी भारी करायचं, मोबाईलमध्ये ढीगभर फोटो येतात आणि घरी येऊन परत तेच, नारळाचं झाड, होडी आणि मावळता सूर्य. तिथे नक्की बघू तरी काय?

उत्तर : सूर्यास्त बघा हो, फक्त भरू नका, कॅलेंडरवर तो आधीच आलाय. आणि ती निळी लडी खरंच घरी राहू दे. आपल्याकडे काठाजवळचं पाणी बहुतेक वेळा मातकट नाहीतर राखाडी-हिरवट, ते निळंशार करतो मोबाईल, त्यामुळे फोटोवरून रंग ठरवूच नका. त्यापेक्षा बदामी, राखी, शेवाळी अशा पाचसहा लड्या बॅगेत टाका आणि तिथेच वाळूवर धरून बघा, ओल्या आणि कोरड्या वाळूत किती शेड्स असतात ते दोरा शेजारी ठेवल्यावरच कळतं.

मग ओहोटीला मान खाली घालून चाला. बारीक खेकडे बिळाभोवती वाळूच्या इवल्या गोळ्या टाकतात ना, ती रांगोळी नीट बसून बघा. खेकडा वाळू तोंडात घेतो, त्यातलं खाण्यासारखं तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो, असं करत करत बिळापासून बाहेर रेषा निघत जातात, मधे येण्याजाण्याची वाट तेवढी मोकळी. भरती आली की सगळं साफ. फ्रेंच नॉटसाठी, म्हणजे सुईला दोरा गुंडाळून घातलेल्या बारीक गाठींसाठी, याहून चांगलं डिझाईन मला तरी माहीत नाही, बिळाजवळ एकपदरी दोरा, बाहेर जाल तसे पदर वाढवा. कोऱ्या मांजरपाटावर करा, पण आधी धुऊन खळ काढा, नाहीतर सुई ओढताना हात दुखतात.

ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते हे लक्षात ठेवा, म्हणजे घरचे नाश्त्याला कधी बसणार त्यावर भांडण नको.

पाणी ओसरल्यावर वाळूवर ज्या वळ्या उरतात त्या तर थेट गोधडीचाच धावदोरा. दोरा थोडा ओढून घ्या, कापडाला आपोआप चुण्या पडतात, इस्त्री मात्र करू नका. एक दिवस हरिहरेश्वरला जमलं तर देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकाला खाऱ्या पाण्याने पडलेली जाळी बघा, वरचं कापड कापून खालचा गडद थर दाखवायचा, हे काम त्यावरूनच सुचावं असं आहे. तिथे ओहोटीलाच उतरा, लाट सांगून येत नाही.

आणि भरतकामाची फ्रेम सोबत न्या. तळहाताएवढा एक तुकडा तिथेच भरा, कसाही होऊ दे. फोटो राहतात फोनमध्येच, अर्धवट भरलेलं कापड डोळ्यासमोर पडून राहतं आणि मग आपण ते पुरं करतोच.

प्रश्न : मुलीने आणलेले शिंपले वॉल हँगिंगवर शिवायचेत, ड्रिलने फुटतात. काय करू? (एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : ड्रिल कशाला, आयतं भोक असलेलेच शोधा! काही शिंपल्यांना एका टोकाशी एकदम गोल नेटकं भोक असतं, शिंपल्यातला जीव खायला दुसऱ्या समुद्री गोगलगायीने पाडलेलं. दुहेरी दोरा घालून बटणासारखे शिवा. आधी गोड्या पाण्यात दोन-तीन वेळा भिजवून मीठ काढा, राहिलं तर पावसाळ्यात ते ओल धरतं आणि कापडावर डाग येतात. आत जीव असलेला शंख उचलायचा नाही हे मुलीला सांगा, काही जातींचे शंख आणि पोवळी तर कायद्यानेच संरक्षित आहेत. फुटके तुकडे मात्र टाकू नका, धार चांगली घासून बोथट केली की त्यांचा आतला चमकता भाग वर करून जाळीदार कापडाखाली अडकवता येतो.