बेट सरकवणारा कादंबरीकार

प्रश्न : दळणवळण उपग्रहांचा शोध विज्ञानकादंबरीकार आर्थर सी. क्लार्क यांनी लावला, असे वाचनात आले. हे खरे आहे काय? तसेच जन्माने इंग्रज असूनही ते श्रीलंकेत का राहिले?

उत्तर : ‘शोध लावला’ म्हणण्यापेक्षा ‘कल्पना मांडली’ म्हणणे अधिक योग्य ठरेल. दुसऱ्या महायुद्धात क्लार्क ब्रिटिश हवाई दलात रडारच्या कामावर होते. ऑक्टोबर १९४५मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात त्यांनी असे दाखवून दिले, की विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या यानाची प्रदक्षिणा पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतक्याच वेळात पूर्ण होत असल्यामुळे ते जमिनीवरून एका जागी खिळल्यासारखे दिसेल, आणि अशी तीन याने समान अंतरावर ठेवल्यास जवळजवळ साऱ्या पृथ्वीवर रेडिओसंदेश पोचतील. या कक्षेचे वर्णन अभियंता हर्मन पोटोचनिक यांनी १९२८मध्येच केले होते. जगभरच्या संदेशवहनासाठी तिचा उपयोग नेमकेपणाने मांडला तो क्लार्क यांनी. गंमत म्हणजे त्यांच्या यानांत माणसे राहणार होती, कारण ट्रान्झिस्टर अजून यायचा होता आणि जळालेले व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरपूर्वीच्या रेडिओयंत्रांतील काचेच्या निर्वात नळ्या) बदलायला कोणीतरी हवेच! प्रत्यक्षात १९६४मध्ये तेथे स्थिरावलेला ‘सिनकॉम-३’ हा दळणवळण उपग्रह निर्मनुष्य होता.

श्रीलंकेकडे त्यांना ओढून नेले ते समुद्राने. अवकाशातल्या वजनरहित अवस्थेच्या जवळ जाणारा अनुभव पाण्याखाली मिळतो, म्हणून ते डायव्हिंगकडे वळले आणि १९५६मध्ये तेव्हाच्या सिलोनमध्ये गेले. २००८मध्ये त्यांचे निधन झाले तेही कोलंबोतच. १९६१मध्ये श्रीलंकेच्या किनाऱ्याजवळच्या ग्रेट बासेस खडकांपाशी त्यांच्या सहकाऱ्यांना एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष सापडले. पिशव्या केव्हाच कुजल्या होत्या, पण त्यांतले औरंगजेबकालीन, सुरतेच्या टांकसाळीतले चांदीचे रुपये एकमेकांना घट्ट चिकटून पिशवीच्याच आकारात उरले होते.

आमच्या मते मात्र कादंबरीकार म्हणून क्लार्क यांना ओळखायचे असेल, तर १९७९ची ‘द फाउंटन्स ऑफ पॅरडाइज’ वाचावी, कारण तीत १९४५ची ती कक्षा आणि हे बेट एकत्र येतात. कक्षेतून जमिनीपर्यंत दोर सोडून त्यावरून लिफ्ट अवकाशात न्यायची, ही कल्पना मुळात रशियन अभियंता युरी आर्त्सुतानोव यांची. अडचण अशी, की कथेतील दोराचे खालचे टोक विषुववृत्तावर यायला हवे, आणि श्रीलंका तर त्याच्या उत्तरेला साधारण ६ ते १० अंशांवर आहे; डोंगर मात्र क्लार्क यांना श्रीलंकेतला पवित्र श्रीपादाचाच हवा होता. तेव्हा त्यांनी अख्खे बेट ८०० किलोमीटर दक्षिणेला सरकवले, त्याला ‘ताप्रोबेन’ हे प्राचीन ग्रीक नाव दिले आणि डोंगराची उंची दुप्पट केली. भूगोलाशी घेतलेली ही मोकळीक त्यांनी पुस्तकाच्या शेवटी स्वतःच कबूल केली आहे.