सातपुड्यातल्या पाड्यावर वीज आखताना

सौर पॅनेल किती लागतील हे आधी विचारू नकोस. धडगावकडच्या पाड्यावर दोन रात्री मुक्काम कर. दळण कधी होतं, पाणी कुठून येतं, ते डोळ्यांनी बघ. दिव्यांना फारशी वीज लागत नाही; खरा भार पिठाच्या चक्कीचा. ३ एचपी म्हणजे सव्वादोन किलोवॅट, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. म्हणून चक्की भर उन्हातच चालू दे, बॅटरीवर नको. लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरली की लवकर मरते, आणि आषाढात सलग तीन-चार दिवस ऊन दिसत नाही. हिशेब त्या दिवसांचा मांड.

दिवाळीनंतर बरीच घरं मजुरीला गुजरातेत जातात. तेव्हा वर्गणी कोण भरणार, बॅटरीत पाणी कोण घालणार? हे ग्रामसभेत, पावरी (तिथली बोली) बोलणारा सोबतीला घेऊनच ठरव.

बिलगाव मला अजून सलतं. लोकांनी श्रमदान करून २००३ मध्ये उभं केलेलं छोटं जलविद्युत केंद्र २००६ मध्ये सरदार सरोवराच्या पाण्यात गेलं. नदीकाठची जागा निवडण्याआधी बुडिताची रेषा, म्हणजे पाणी कुठवर चढतं ते, गावातल्या म्हाताऱ्यांना विचार.