जिप्सीचे इंजिन राहू द्या, आधी ती ‘एफडी’ उघडून पाहा

राजापूर तालुक्यातील एका वाचकाचे पत्र आले आहे. वय ५७. महामार्गाच्या चौपदरीकरणात त्यांचे किराणा दुकान आणि मागची जागा गेली आणि मोबदल्याचे ३२ लाख रुपये मिळाले. आता सड्यावरच्या हापूसच्या कलमांवर घर चालते. चांगल्या वर्षी चार लाख सुटतात, यंदा दीड सुटले, आणि घरखर्च महिना २५ हजारांचा आहे. बागेत जाण्यायेण्यासाठी त्यांच्याकडे सैन्याच्या लिलावातून फिरत आलेली १९९८ ची पेट्रोल जिप्सी आहे. ती लिटरला नऊ किलोमीटर देते, धूर सोडते आणि पेट्या भरल्यावर चढावात दमते. कोल्हापूरचा एक मेकॅनिक अपघातग्रस्त स्विफ्टचे डिझेल इंजिन त्यात अडीच लाखांत बसवून देण्यास तयार आहे. मुलाचाही आग्रह आहे. त्यांचा प्रश्न असा: ‘बँकेत माझी एफडी आहे. दरवर्षी तीन लाख भरतो, तीन वर्षे झाली. त्यावर साडेनऊ टक्क्यांनी अडीच लाख कर्ज मिळते आहे. ते घेऊन इंजिन बदलावे काय?’

इंजिनाचे उत्तर लवकर देता येते. बदलू नये.

हिशेब मांडू. तुमची गाडी वर्षाला पाच हजार किलोमीटर धावते. सध्याच्या दराने पेट्रोलचा खर्च ५८ हजारांच्या घरात जातो. डिझेल इंजिनाने लिटरला चौदा किलोमीटर दिले, असे उदार मनाने धरले, तर तो ३३ हजारांवर येईल. म्हणजे बचत २५ हजारांची. अडीच लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच २४ हजार होते. बचत आली तशी व्याजात गेली, आणि मुद्दल तुमच्या अंगावर राहिले.

शिवाय अडीच लाख हा आकडा शेवटचा नसतो. स्विफ्टमधले १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके ओढते. जिप्सीत इंजिन उभे बसते आणि त्यामागे गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, प्रोपेलर शाफ्ट अशी रांग असते. त्यामुळे मधली ॲडॉप्टर प्लेट, क्लच, माउंटिंग, रेडिएटर, सायलेन्सरची वाट, हे सारे नव्याने घडवावे लागते. हे इंजिन ईसीयूवर, म्हणजे गाडीतल्या संगणकावर, चालणारे आहे, म्हणून दात्या गाडीचे संपूर्ण वायरिंग, ॲक्सिलरेटर पेडल आणि चावीचा इमोबिलायझरही सोबत आणावा लागतो. त्यातला एक सेन्सर रुसला, तर सड्यावर गाडी उभी राहील आणि गावचा मिस्त्री स्कॅनरशिवाय हात लावू शकणार नाही. या डिझेल इंजिनाची ओढ तुमच्या मूळ इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट आहे. ती पेलण्यासाठी जिप्सीचा गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल बनवलेले नाहीत. वाढलेले वजन पुढच्या पाट्यांच्या स्प्रिंगांवर येते ते वेगळेच, आणि क्रेट भरून अणुस्कुरा घाट उतरताना ब्रेक तेच जुने असतात. मी ७० हजार वरखर्च धरतो. तो कमी पडला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

कागदाची बाजू याहून वाईट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे घेतली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. तुमच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते आणि ती वेळ २०२८ मध्ये पुन्हा येते. पुस्तकात ‘पेट्रोल’ आणि बॉनेटखाली दुसऱ्याच गाडीच्या क्रमांकाचे डिझेल इंजिन, अशा स्थितीत पासिंग होत नाही. मधल्या काळात अपघात झाला, तर विमा कंपनी प्रथम हाच बदल पुढे करील. मेकॅनिक ‘आरटीओचे मी बघतो’ म्हणाला असेल, तर काय बघणार ते त्याच्याकडून लिहून घ्या. लिहून देणार नाही.

तुमच्याच पत्रात गावच्या मिस्त्रीने मूळ इंजिनाचे संपूर्ण काम ५५ हजारांत सांगितल्याचा उल्लेख आहे. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेड आणि कार्बोरेटर मिळून तेवढे होत असेल, तर ते करा. बचत खात्यातून करा, कर्ज नको.

आता मूळ गोष्टीकडे येतो, जी तुम्ही विचारलीच नाही. ज्या ठेवीत दरवर्षी तीन लाख भरावे लागतात ती एफडी नसते. मुदत ठेवीत पैसे एकदाच ठेवतात. आणि नऊ लाखांच्या ठेवीवर बँक सहज आठ लाख कर्ज देते. तुम्हाला अडीचच का देत आहे, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा होता. तुम्ही जोडलेल्या पावतीच्या छायाचित्रात वरच्या कोपऱ्यात बँकेचे बोधचिन्ह आहे, पण खाली बारीक अक्षरांत विमा कंपनीचे नाव, ‘पॉलिसी क्रमांक’ आणि ‘प्रीमियम भरण्याचा कालावधी: १० वर्षे’ असे छापलेले आहे. मोबदला खात्यात जमा होताच ज्या साहेबांनी तुम्हाला केबिनमध्ये बसवून चहा पाजला, त्यांनी तुम्हाला दहा वर्षांच्या हप्त्यांची विमा पॉलिसी विकली. नुकसानभरपाईचे पैसे आलेल्या गावांत हा उद्योग मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता रागही शिळा झाला आहे.

तुम्ही लिहिता की पंधरा वर्षांनी ४५ लाख मिळणार, म्हणजे दीडपट. दीडपट खरे, पण किती काळात? तुमचा प्रत्येक हप्ता तेथे सरासरी साडेदहा वर्षे राहतो आणि तेवढ्या काळात दीडपट होणे म्हणजे वर्षाला जेमतेम चार टक्के. बँकेतली खरी मुदत ठेव याहून बरीच जास्त देते.

परताव्यापेक्षाही हप्त्यांचीच मला अधिक चिंता वाटते. ३२ लाखांतले १२ घराच्या दुरुस्तीत गेले, ९ हप्त्यांत गेले, उरले ११. पुढचे सात हप्ते मिळून २१ लाख होतात. चौथा, पाचवा आणि सहावा हप्ता भरला की खात्यात दोन लाख राहतील आणि सातव्याला पैसे नसतील. तुमच्या वर्षाच्या घरखर्चाइतकाच हा हप्ता आहे आणि यंदाच्या बागेने त्याचा निम्माच भाग दिला आहे. दरवर्षी मोहोर भरघोस येईल, थ्रिप्सची कीड येणार नाही आणि अवकाळी पाऊस पडणार नाही, या भरवशावर दहा वर्षांचा करार कोणी करीत नाही. तुमच्याकडून तो करवून घेतला गेला.

मग करायचे काय? विकत घेतल्यावर परत करण्याची सुरुवातीची मुदत केव्हाच उलटली आहे. आज पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच मोडून पैसे घेतले, तर तुम्ही ती घेतली त्या काळच्या नियमांप्रमाणे तिसऱ्या वर्षी भरलेल्या हप्त्यांच्या किमान ३५ टक्के, म्हणजे तीन लाख पंधरा हजारांच्या आसपास हाती येतील. बँकेच्या अडीच लाखांच्या कर्जाचा आधारही हेच सरेंडर मूल्य. हे पैसे सात टक्क्यांनी बारा वर्षे वाढले तरी सात लाखांच्या आसपासच जातील. याउलट पॉलिसी ‘पेडअप’ करून घेतली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती घटलेल्या रकमेवर चालू ठेवली, तर दहापैकी तीन हप्त्यांच्या प्रमाणात मुदतीअखेर साडेतेरा लाखांपर्यंत मिळू शकतात. तुमच्या कंपनीच्या अटींमुळे हा आकडा खाली येऊन नऊ लाख झाला तरी सरेंडरपेक्षा तो बराच. विमाछत्रही त्याच प्रमाणात ३० लाखांवरून ९ लाखांवर येईल. मुले कमावती असल्याने ते चालण्यासारखे आहे. रागाच्या भरात सरेंडर करू नका आणि जूनचा चौथा हप्ताही भरू नका.

वाचलेल्या ११ लाखांतून इंजिनाचे ५५ हजार आणि सहा-आठ महिन्यांचा खर्च खात्यात ठेवून बाकीचे डाकघराच्या मासिक उत्पन्न योजनेत टाका. सध्याच्या ७.४ टक्क्यांनी आठ लाखांवर महिन्याला पाच हजारांच्या आसपास येतील. साठ पूर्ण झाल्यावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा विचार करू.

फसवणुकीची तक्रार वेगळी करा. ती प्रथम विमा कंपनीकडे लेखी द्या, बँकेच्या साहेबांकडे तोंडी नव्हे. महिन्याभरात समाधान झाले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात अर्ज करता येतो. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तीन वर्षांनंतर पूर्ण पैसे परत मिळतील अशी आशा मी दाखवणार नाही, कारण अर्जावरची सही तुमची आहे. पण मोबदल्याची नोंद, तुमचे उत्पन्न आणि दहा वर्षांचा हप्ता हे शेजारी शेजारी ठेवले तर विक्री कशी झाली ते कोणालाही दिसते.

पेडअपची चौकशी मात्र याच आठवड्यात करा. अर्जात ‘माझी एफडी’ असे लिहू नका. पॉलिसी क्रमांक लिहा, पेडअप मूल्य आणि सरेंडर मूल्य दोन्ही आकडे लेखी मागा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.