मुलीला ल्युपस आहे, स्टिरॉइड कधी बंद करता येईल?

तुमची मुलगी ११ वर्षांची, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) निघालाय, गोळ्यांनी चेहरा सुजलाय आणि नातेवाईक स्टिरॉइड बंद करा म्हणतायत, हे वाचलं आणि राहवलं नाही.

माझी लेक १२ ची असताना कळलं. गालांवर लाल चट्टा, सांधे दुखायचे, ताप हटेना, लघवीतून प्रोटीन जात होतं. दोन महिन्यांत ताप गेला पण चेहरा गोल गरगरीत झाला. तेव्हा मोठ्या जाऊबाई तिच्यासमोरच म्हणाल्या, स्टिरॉइड म्हणजे विष, काय करून ठेवलंस पोरीचं. मी गप्प बसले, तिथेच चुकले. पोरगी त्या दिवसापासून गोळी तोंडात धरायची आणि माझी पाठ वळली की काढून टाकायची, आणि मला नऊ दिवस पत्ताच नाही. मग उलट्या, चक्कर, धड उभं राहवेना, सकाळी पापण्या सुजलेल्या, लघवीला फेस. अ‍ॅडमिट केल्यावर तिची कंपास पेटी उघडली तर कोनमापकाखाली कागदाला चिकटलेल्या अर्धवट विरघळलेल्या गोळ्या. बाहेरून स्टिरॉइड मिळत असलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, म्हणून अचानक थांबवलं की जिवावर बेततं, हे मला तिथे कळलं.

विष औषध नाही, आजार आहे. मुलांमध्ये तो किडनीला मोठ्यांपेक्षा जास्त वेळा धरतो आणि किडनी दुखत नाही, म्हणून मूल ठणठणीत दिसत असलं तरी लघवी आणि बीपी तपासत राहा. एएनए (ल्युपस ओळखायला करतात ती रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आला म्हणून दर वेळी घाबरू नका, तो तसाच राहतो, डीएसडीएनए आणि सी३ सी४ या आजाराचा जोर दाखवणाऱ्या रक्ततपासण्या काय म्हणतात ते बघा. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही ल्युपसची नेहमीची गोळी चुकवायची नाही, तिचा डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून डोळे तपासत राहायचे. उन्हाने आजार उसळतो, खिडकीच्या काचेतूनसुद्धा काही किरणं येतात, तेव्हा सनस्क्रीन आणि पूर्ण बाह्या. कुठलीही लस घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, जिवंत जंतूंच्या लसी या औषधांवर असताना सहसा देत नाहीत.

कधी बंद होईल ते तुमच्या मुलीचे रिपोर्ट बघून डॉक्टरच सांगतील, मी डॉक्टर नाही आणि प्रत्येक मुलाचा ल्युपस वेगळा. डोस उतरवतात तो पायरी पायरीने, महिने लागतात. माझ्या लेकीचा उतरला तसा चेहराही उतरला. हे पोरीला आजच सांगा, आणि कोणी तिच्यासमोर विष-बिष म्हणालं तर तिथल्या तिथे गप्प करा, मग त्या जाऊबाई असोत नाहीतर सासूबाई.