ऑस्टिनला जाण्यासाठी कर्ज काढावं का?

प्रश्न : मी इतिहासात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. 1965-66 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या गव्हावर संशोधन करायचं आहे. मूळ कागद अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातल्या लिंडन जॉन्सन अध्यक्षीय ग्रंथालयात आहेत. तिकडे शिकायला जाण्यासाठी बाबा शेतावर कर्ज काढायला तयार आहेत. काढावं का?
(एक विद्यार्थिनी, जि. अहिल्यानगर)

उत्तर : कर्ज काढू देऊ नकोस. विषय मात्र अजिबात सोडू नकोस.

ऑस्टिनच्या त्या वाचनकक्षात बसायला कुठल्याच विद्यापीठाचा प्रवेश लागत नाही, फीसुद्धा नाही. ओळखपत्र दाखवून नोंदणी करायची, पिशवी बाहेर ठेवायची आणि पेन्सिल घेऊन बसायचं. एका वेळी एकच फोल्डर उघडायचा, कागदांचा क्रम मोडायचा नाही.

तुझ्या विषयाचं मर्म त्या कागदांत दिसतं. पीएल-480 या सवलतीत धान्य देण्याच्या अमेरिकी कायद्याखालचा गहू तेव्हाचे अध्यक्ष जॉन्सन एकदम मंजूर करत नसत, थोडा थोडा सोडत. भारताने शेतीधोरण बदलावं हा दबाव त्यामागे होता, व्हिएतनाम युद्धावरून भारत करत असलेल्या टीकेचा रागही होता. सल्लागार टिपण लिहून तळाशी 'मंजूर', 'नामंजूर', 'मला भेटा' असे पर्याय देत, अध्यक्ष त्यातल्या एकावर खूण करत. आपल्याकडच्या रेशन दुकानापर्यंत धान्य कधी पोचणार, हे बऱ्याच अंशी त्या खुणेवर ठरे. पण खुणेवरून निर्णय कळतो, कारण कळत नाही. कारणासाठी आधीची टिपणं, जॉन्सन यांच्या फोन संभाषणांची ध्वनिमुद्रणं आणि दिल्लीची बाजूही वाचावी लागते. अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम तेव्हा काय करत होते, हे नुसत्या ऑस्टिनच्या कागदांवरून लिहिलंस तर प्रबंध एकाक्ष होईल.

काही फोल्डरांत कागदाच्या जागी नुसता 'काढून घेतला' असा तक्ता असतो. तो कागद अजून संशोधकांसाठी खुला नाही असं समजायचं. खुला करा म्हणून अर्ज देता येतो, पण उत्तराला वर्षं लागू शकतात. अशा कागदावर प्रबंधाचा डोलारा उभारू नकोस.

आता घरूनच सुरुवात कर. अमेरिकी परराष्ट्र खात्याने 1964-68 च्या दक्षिण आशियाविषयक कागदांचा निवडक खंड (25 वा) इंटरनेटवर मोफत ठेवला आहे. तो आधी पूर्ण वाच. जॉन्सन ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर कागदांच्या पेट्यांच्या सूच्या आहेत, तिथे भारतीय दुष्काळाची स्वतंत्र फाइल शोध. मग राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ आणि मुंबईचं राज्य पुराभिलेखागार बघ. हे झाल्यावर ऑस्टिनच्या अभिलेखपालांना नेमका प्रश्न विचारणारी ईमेल पाठव. 'भारताबद्दल काय आहे?' असं मोघम विचारू नकोस.

पीएच.डी. इथेच कर, नेट-जेआरएफ ही संशोधनवृत्तीची परीक्षा देऊन. नोंदणी झाली की अमेरिकेत जाऊन संशोधन करण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिपसाठी अर्ज करता येतो. जॉन्सन ग्रंथालयाच्या फाउंडेशनचं मूडी अनुदानही अशाच संशोधन-प्रवासासाठी असतं.

बाबांची काळजी नोकरीची असणार, आणि ती रास्त आहे. प्राध्यापकीच्या जागा थोड्या आहेत. म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख-पदविकेचाही विचार कर, एका वर्षाची असते. कागद जपणाऱ्यांची गरज बँकांना, विद्यापीठांना आणि जुन्या संस्थांनाही पडते.