नारळी पौर्णिमेनंतर कॅरिबियन? हनिमून क्रूझ आणि हरिकेन सीझन

प्रश्न: फेब्रुवारीत कोल्हापूरला आमचं लग्न झालं. मी एच-वन वर (नोकरीचा व्हिसा) न्यू जर्सीत असतो, एडिसनला, बायको एप्रिलमध्ये एच-फोर वर (जोडीदाराचा व्हिसा) आली. सुट्टी नव्हती म्हणून हनिमून राहूनच गेलाय. आता सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली मायामीहून ७ रात्रींची ईस्टर्न कॅरिबियन क्रूझ दिसली, सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टिन अशी, आणि डिसेंबरच्या मानाने रेट खूपच कमी म्हणून गेल्या आठवड्यात डिपॉझिट भरून टाकलं. ऑफिसमधले म्हणतात वेडा आहेस का, ऐन हरिकेन सीझन आहे, चक्रीवादळांचा. एक मित्र म्हणतो मी दोनदा गेलो, काही होत नाही. आई म्हणते नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होतो, खुशाल जा. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, एडिसन

उत्तर: तुमच्या आईंपासून सुरुवात करते, कारण त्या चुकीचं काहीच बोलत नाहीयेत, फक्त त्या आपल्या समुद्राबद्दल बोलतायत. नारळी पौर्णिमेला कोळी लोक दर्याला नारळ देतात आणि होड्या पुन्हा पाण्यात घालतात ते पावसाळ्याचा जोर ओसरायला लागतो म्हणून. अटलांटिकचं गणित बरोबर उलटं आहे. तिकडे सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर असतो पण जून-जुलै त्यातल्या त्यात शांत जातात, ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत खरा जोर, आणि सरासरीने सगळ्यात वरचा दिवस म्हणजे १० सप्टेंबर. म्हणजे आपण दर्याला शांत हो म्हणून नारळ वाहतो तेव्हा तिकडचा दर्या उठायला लागलेला असतो, आणि तुम्ही नेमका १० सप्टेंबरच्या आसपासचाच आठवडा निवडलाय.

कारण साधं आहे. पाणी साधारण साडेसव्वीस डिग्रीच्या वर तापलं की वादळाला खाद्य मिळतं, आणि अटलांटिकचं पाणी उन्हाळाभर तापत तापत सप्टेंबरला सगळ्यात गरम होतं. त्यात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून हवेच्या लाटा एकामागून एक पश्चिमेला निघतात, त्यातल्या बहुतेक विरून जातात, पण एखादी हजारो किलोमीटर उघड्या समुद्रावरून येताना वाढत जाते आणि पहिली धडक देते ती कॅरिबियनच्या पूर्वेकडच्या बेटांना. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये इर्मा वादळाने सेंट मार्टिन आणि सेंट थॉमसची दुर्दशा केली, आणि दोन आठवड्यांनी, २० तारखेला, मारिया पोर्टो रिकोवर आलं, सान हुआन तिथलंच. तुमच्या तिकिटावरची तिन्ही बंदरं त्यात आली. हे घाबरवायला सांगत नाहीये. २०१७ सारखी वर्षं रोज येत नाहीत, आणि कुठल्याही एका आठवड्यात एका ठराविक बेटावर वादळ यायची शक्यता कमीच असते. तुमचा मित्र दोनदा जाऊन मजा करून आला ते अगदी खरं असणार.

आता जिवाची भीती. मोठ्या क्रूझ शिपवर ती जवळपास काढून टाका. अशी शिप २० नॉट किंवा जास्त वेगाने जाते, म्हणजे तासाला ३७ किलोमीटरच्या वर, आणि त्या उष्ण पट्ट्यात वादळ बऱ्याचदा १५ ते २५ च्या वेगाने सरकत असतं. वादळ चार-पाच दिवस आधी दिसायला लागतं, कॅप्टन बाजूला निघून जातो. हॉटेलला पळता येत नाही, बोटीला येतं. पण हे मोठ्या शिपचं झालं हं. १९९८ मध्ये मिच वादळात फँटोम नावाचं शिडाचं पर्यटक जहाज बुडालं, प्रवाशांना आधी बेलीझला उतरवलं होतं, ३१ खलाशी मात्र गेले. म्हणून सप्टेंबरमध्ये छोट्या शिडाच्या बोटीवर रोमँटिक आठवडा वगैरे जाहिराती दिसल्या तर मी तरी कोणाला पाठवणार नाही.

तर तुम्ही खरं पणाला लावताय ते बेटं आणि तारखा. क्रूझच्या करारात स्पष्ट लिहिलेलं असतं की सुरक्षेसाठी कंपनी रूट बदलू शकते, बंदर गाळू शकते, आणि त्याबद्दल बहुतेक वेळा त्या बंदराची फी तेवढी परत मिळते, बाकी काही नाही. तिकीट ईस्टर्नचं आणि शिप गेली मेक्सिकोला, कोझुमेलला, असं सर्रास होतं. क्रूझच रद्द झाली किंवा अमेरिकन बंदरातून निघायला ३ दिवस किंवा जास्त उशीर झाला आणि तुम्ही नको म्हणालात तर पैसे परत मागता येतात, तसा नियम आहे, पण विमानाचं आणि हॉटेलचं बिल कोण देणार.

हा अनुभव माझा स्वतःचा आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मिल्टन वादळ फ्लोरिडावर आलं तेव्हा आम्ही दोघं समुद्रात होतो, परतायच्या दिवशी बंदरच बंद, दोन दिवस जास्त बोटीवर काढले. खायला प्यायला काही कमी नव्हतं, शिप हलत होती तरी भीती अशी वाटली नाही, पण परतीची विमानं गेली, नवीन तिकिटं आमच्या खिशातून, आणि यजमानांचं ऑफिसचं महत्त्वाचं काम हुकलं ते वेगळंच. आम्ही इन्शुरन्स घेतला नव्हता. त्याचं मला आजही वाईट वाटतं म्हणून आता प्रत्येकाला आधी इन्शुरन्स विचारते.

तुम्हाला ईमेलवर आधीच कळवलंय पण बाकीच्यांसाठी परत लिहिते. वादळाला नाव मिळायच्या आधी पॉलिसी घेतलेली असली पाहिजे, नाव पडलं की ते ‘आधीच माहीत असलेलं संकट’ होतं आणि त्याचा क्लेम बसत नाही. आणि साध्या पॉलिसीत ‘मला भीती वाटली म्हणून मी गेलो नाही’ हे कारण चालत नाही. त्यासाठी ‘कुठल्याही कारणाने रद्द’ असा वेगळा पर्याय असतो, महाग पडतो, पैसे साधारण ५० ते ७५ टक्केच परत मिळतात, आणि तो बहुतेक ठिकाणी पहिला हप्ता भरल्यापासून १४ ते २१ दिवसांतच घेता येतो. तुमचा एक आठवडा गेलाच आहे, तेव्हा थांबू नका. कंपनी बुकिंगच्या वेळी जी पॉलिसी पुढे करते ती आणि बाहेरची, दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

आता एक गोष्ट जी आपल्या लोकांना ऐन वेळी आठवते. लग्नाला भारतात येऊन गेलात म्हणजे तेव्हा व्हिसा स्टॅम्प होता, पण तो सप्टेंबरमध्ये परत येईपर्यंत टिकतोय ना? दोघांचाही बघा. स्टॅम्प संपलेला असताना ३० दिवसांच्या आत परत येण्याची जी सवलत आहे ती एच-वन, एच-फोरवाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे, कॅरिबियन बेटांसाठी ती एफ आणि जे (विद्यार्थी आणि एक्स्चेंज) व्हिसावाल्यांनाच मिळते. सेंट मार्टिन अमेरिका नाही. अमेरिकन मित्र जन्मदाखला दाखवून क्रूझवर जातात ते बघून आपण जायचं नाही, पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही हवेत. शिवाय रूट बदलला तर भलत्याच देशात उतरायची वेळ येते, म्हणून कंपनीला विचारा की भारतीय पासपोर्टवर बदली बंदरांना काय लागतं. आणि बुकिंग पासपोर्टवरच्याच नावाने करा, बायकोचं माहेरचं आडनाव पासपोर्टवर असेल तर तिकिटावरही तेच.

जायचंच ठरलं तर दोन-तीन बारीक गोष्टी. विमानाने आदल्या दिवशी मायामीला पोचा, सकाळच्या फ्लाइटने त्याच दिवशी नको, सीझनमध्ये दुपारच्या पावसानेसुद्धा फ्लाइट लटकतात. केबिन मधल्या भागात आणि खालच्या डेकवर घ्या, नवीन जोडपी हौसेने सगळ्यात वरची मागची बाल्कनी घेतात आणि तिथेच सगळ्यात जास्त हलतं, वादळ शेकडो किलोमीटर लांब असलं तरी त्याची लाट पोचते. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीपासून सुरू करा, त्रास व्हायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही, आणि आलेपाक बॅगेत असू द्या.

रूट बदलता येत असेल तर अरुबा, कुरासाव, बोनेरकडे बघा. ही तीन बेटं साधारण १२ अक्षांशावर, व्हेनेझुएलाच्या अगदी जवळ, तिथे हरिकेनचा थेट फटका क्वचित बसतो. ‘दक्षिणेकडे म्हणजे सेफ’ असं मात्र नाही, ग्रेनाडाही १२ अंशावरच आहे आणि तिथे २००४ मध्ये आयव्हन आणि १ जुलै २०२४ ला बेरिल येऊन गेलं. आणि अरुबाच्या बऱ्याच क्रूझ सान हुआनहून निघतात, म्हणजे बेट सुरक्षित आणि चढायचं बंदर वादळाच्या वाटेवर, हे लक्षात ठेवा. ऑक्टोबरला ढकलून फार फरक पडत नाही, तेव्हा जोर पश्चिम कॅरिबियनकडे सरकतो, २००५ चं विल्मा तेव्हाच कोझुमेलवर आलं आणि २०२५ चं मेलिसा २८ ऑक्टोबरला जमैकावर. स्टॅम्पचा प्रॉब्लेम असेल तर हवाईची प्राइड ऑफ अमेरिका ही शिप बघा, होनोलुलूहून निघते आणि बाहेरच्या कुठल्याच देशात जात नाही. अलास्का सप्टेंबरमध्ये थंड आणि ओलं असतं, आणि सिॲटलहून निघालात तरी वाटेत कॅनडाचं बंदर लागतं, त्याचा व्हिसा बघावा लागेल.

पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, त्यात ऑफिस आहे, मित्र आहे, आई आहे, तुमची बायको काय म्हणते ते एका ओळीतही नाहीये. ती एप्रिलमध्ये नवीन देशात आलीय, तिने कदाचित समुद्र फक्त गणपतीपुळ्याला पाहिला असेल. तिला विचारा की तुझ्या डोळ्यासमोर काय आहे, सेंट मार्टिनचा तो निळा किनारा, की आठ दिवस कोणी फोन करत नाही, स्वयंपाक नाही, दोघंच आहोत हे? दुसरं असेल तर जा, मनापासून सांगते, शिप कुठेही वळली तरी ते मिळणारच. पण तिचं मन त्या किनाऱ्यावर असेल तर डिपॉझिटच्या नियमात बसवून तारीख जानेवारीत घ्या, पैसे जास्त जातील तर जाऊ देत, पूर्ण पैसे भरायची मुदत साधारण ७५ ते ९० दिवस आधी असते म्हणजे जूनमध्येच हे ठरवावं लागेल.

प्रश्न: माझा मुलगा आणि सून ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडाहून क्रूझवर जाणार आहेत. टीव्हीवर वादळ दाखवलं की माझं बीपी वाढतं. घरबसल्या नीट काय बघावं?
– एक आई, ठाणे

उत्तर: ताई, टीव्ही बंदच ठेवा. मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरची वेबसाइट आहे, फुकट, आणि सगळे तिथूनच घेतात. वादळ चालू असलं की दर ६ तासांनी नवीन माहिती येते, तिकडच्या सकाळी ११ आणि रात्री ११ ची म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ आणि सकाळी साडेआठ, त्यामुळे रात्री उठून बघायची गरज नाही. नकाशावर पांढरा शंकूसारखा पट्टा दिसतो तो वादळाचा आकार नसतो, वादळाचा मध्य कुठून कुठे जाऊ शकतो त्याचा अंदाज असतो, पाऊसवारा त्याच्या बाहेरही असतो. किनाऱ्यासाठी ‘वॉच’ म्हणजे साधारण ४८ तास आधीची सूचना आणि ‘वॉर्निंग’ म्हणजे ३६ तास. ती बेटांवरच्या आणि किनाऱ्यावरच्या माणसांसाठी असते, शिप तोपर्यंत बहुतेक दुसरीकडे निघून गेलेली असते.

शिपचं वायफाय समुद्रात अधूनमधून जातं, मेसेजला एक टिक राहिली म्हणून लगेच वाईट विचार करू नका. निघायच्या आधी मुलाकडून शिपचं नाव, केबिन नंबर, कंपनीचा घरच्यांसाठीचा फोन नंबर आणि परतीची तारीख कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर लावा, परतीच्या तारखेपुढे ‘दोन दिवस उशीर होऊ शकतो’ हेही लिहा.